दीडपट वेगाने बेसबॉल

रविवार, १२ सप्टेंबर २०२१. ऑफिसचा जुना लॅपटॉप रिकामा करणे.

नवा लॅपटॉप गुरुवारीच आला होता. जुना सोमवारी दुपारी कुरिअरवाला घेऊन जाणार होता, आणि त्याआधी त्यातलं खाजगी असेल ते काढून घ्या, अशी मेल आली होती. नियमाने त्यात खाजगी काही नसायलाच हवं. पण दीड वर्ष आम्ही तिघं इकडे परदेशात, पॉइंट कुक या उपनगरातल्या घरात कोंडलेले होतो. नवऱ्याचं ऑफिस पुढच्या खोलीत, मुलीची शाळा तिच्या खोलीत, माझं ऑफिस डायनिंग टेबलावर. जो लॅपटॉप समोर असेल त्यात सगळं जायचं. मुलीच्या शाळेचे फॉर्म, सोलरची कोटेशनं, आणि ‘बाबा’ नावाचा एक फोल्डर. त्यात सदतीस रेकॉर्डिंग्ज.

मी सॉफ्टवेअर टेस्टर आहे. पुण्यात तेच काम करत होते, इथेही तेच करते. फाइल कॉपी झाली म्हणजे काम झालं असं मी मानत नाही. नवी प्रत उघडते का, शेवटपर्यंत चालते का, हे बघितल्याशिवाय जुनी पुसायची नाही. म्हणजे सगळ्या सदतीस फाइल उघडणं आलं. पहिल्या पस्तीसची मला काळजी नव्हती, त्या मी टाइप केलेल्या होत्या. छत्तिसावी मी फक्त दोन मिनिटं ऐकली होती. सदतिसावी ऐकलीच नव्हती. एप्रिलपासून ती तशीच पडून होती, आणि बाबांच्या पुस्तकाचं शेवटचं प्रकरण तिच्यात होतं.

बाबांचं पुस्तक जपानमधल्या व्यावसायिक बेसबॉलच्या पहिल्या दहा वर्षांवर होतं. मराठीत. कुणाला हसू आलं तर माझी हरकत नाही, पुण्यातली आमची सगळी सोसायटी हसायची. खालच्या मजल्यावरच्या काकू जिन्यात गाठून विचारायच्या, “काय भाऊ, कुठवर आलं जपानी विटीदांडू?” एका प्रकाशकाने सांगितलं, “काका, क्रिकेटवर लिहा, उद्या छापतो.” त्यावर बाबा म्हणाले, “क्रिकेटवर लिहिणारे आमच्या गल्लीतच चार आहेत.” माझी मुलगी इथून व्हिडिओ कॉलवर म्हणाली, “आजोबा, नोबडी विल रीड इट.” तर म्हणाले, “तू वाच. म्हणजे एक झालं.”

बाबा स्कूटरच्या कारखान्यात इंजिनिअर होते. कंपनीने सत्तरच्या दशकाच्या शेवटी त्यांना सहा महिने जपानला ट्रेनिंगला पाठवलं. तिथे त्यांच्या विभागाचा एक फोरमन होता. तो त्यांना सुट्टीच्या दिवशी बेसबॉलचे सामने बघायला न्यायचा. बाबांना आधी काही कळायचं नाही. पण ते स्वभावाने असे की न कळणारी गोष्ट अर्धवट सोडायची नाही. एकदा फोरमनने घरी जेवायला बोलावलं आणि भिंतीवरचा फोटो दाखवला. त्याचा मोठा भाऊ. पहिली व्यावसायिक लीग १९३६ साली सुरू झाली, तेव्हा हा भाऊ एका संघात कॅचर होता. कॅचर म्हणजे आपल्याकडचा विकेटकीपर समजा. नावाजलेला नव्हता, दुसऱ्या फळीतला होता. फोटोत त्याच्या डोक्यावर खेळाडूची टोपी नव्हती, सैनिकाची होती. तो युद्धावर गेला तो परत आला नाही. फोरमन म्हणाला, त्याच्याबद्दल कुठे एक ओळ छापलेली नाही. बाबांनी तिथेच सांगून टाकलं की मी लिहीन. जपानीत जमणार नाही, आमच्या भाषेत लिहीन. हे सांगितल्यावर चाळीस वर्षांनी, निवृत्तीनंतर आणि आई गेल्यावर, ते लिहायला बसले. तोपर्यंत फोरमनही गेला होता. म्हणजे ज्याला शब्द दिला तो नाही, आणि ज्याच्याबद्दल लिहायचं तोही नाही. मी हे एकदा बोलून दाखवलं. बाबा म्हणाले, “म्हणून तर आता चूक करून चालणार नाही. दुरुस्त करायला कुणी उरलं नाही.”

त्यांचा हात थरथरायचा. कॅलेंडरच्या पाठकोऱ्या पानांवर ते लिहायचे, ते त्यांचं त्यांनाच लागायचं. पहिल्या लॉकडाऊनमध्ये मी पद्धत ठरवून दिली. त्यांनी लिहिलेलं मोठ्याने वाचायचं, फोनवर रेकॉर्ड करायचं, शनिवारी मला पाठवायचं. मी रविवारी टाइप करणार. फोनमध्ये काय टाकायचं, कुठलं बटण दाबायचं, सगळं मी व्हिडिओ कॉलवर शिकवलं. मग यादी पाठवली. खिडक्या बंद करा, रस्त्याचा आवाज येतो. पंखा बंद करा, घरघर येते. फोन पुस्तकावर ठेवा. आधी पाणी प्या. मध्ये थांबायचं असेल तर पॉज दाबा.

पॉज त्यांनी साफ नाकारला. “रेडिओवर कॉमेंटरी करणारा मध्येच बटण दाबतो का?” म्हणाले. “मी बोलायला लागलो की एका दमात बोलतो.”

एका दमात, पण हळू. प्रत्येक वाक्य ते ताटात वाढल्यासारखं ठेवायचे. वाक्य संपायच्या आत मला ते कळलेलं असायचं, आणि माझं टायपिंग जलद आहे. तिसऱ्या-चौथ्या रविवारपासून मी फाइल लॅपटॉपवर उतरवून दीडपट वेगाने लावायला लागले. वीस मिनिटांचं काम तेरा मिनिटांत व्हायचं. बाबांचा आवाज जरा चिरका यायचा, घाईत असलेल्या माणसासारखा. त्यांना मी हे सांगितलं नव्हतं. “आवाज नीट येतो ना गं?” असं ते विचारायचे. मी म्हणायचे, “एकदम क्लिअर.”

दीडपट वेगाने का होईना, मला ते पुस्तक आवडायला लागलं होतं. सुरुवातीला जपानमध्ये पैसे घेऊन खेळणाऱ्यांना मान नव्हता, हे मला माहीत नव्हतं. गर्दी विद्यापीठांच्या सामन्यांना व्हायची. खेळाचा धंदा करतात म्हणून व्यावसायिकांना नाकं मुरडायची. मग युद्ध आलं. बेसबॉल हा शत्रूचा खेळ, पण लोकांना तो सोडवेना. म्हणून इंग्रजी शब्द काढून टाकले आणि पंचांनी जपानीत ओरडायचं ठरलं. खेळाडूंच्या डोक्यावर सैनिकी टोप्या आल्या. मैदानावर हातबॉम्ब फेकायच्या स्पर्धा झाल्या. ज्या हाताने चेंडू फेकायचा त्याच हाताने.

शब्दांवरून आमचं एक भांडणही झालं. बाबांना पिचरला ‘चेंडूफेक्या’ करायचं होतं.

“बाबा, हे वाचून लोक पुस्तक मिटतील. पिचरच ठेवा.”

“जपान्यांना जमलं, आपल्याला का नाही?”

“जपान्यांनी युद्ध संपल्यावर परत इंग्रजी शब्द घेतले, हे तुम्हीच मागच्या प्रकरणात सांगितलंत.”

“कोर्टात जायला हवी होतीस तू,” म्हणाले, आणि पिचर राहिला.

त्यांचं आवडतं प्रकरण १९४२ सालच्या एका सामन्याचं. नऊ डावांचा सामना अठ्ठावीस डाव चालला. दोन्ही बाजूंच्या पिचरनी पहिल्यापासून शेवटपर्यंत स्वतःच टाकलं, कुणी बदली घेतला नाही. चार-चार अशी बरोबरी होती आणि अंधार पडला म्हणून थांबवावा लागला. बाबांनी त्यावर दोन रेकॉर्डिंग्ज घालवली. मी त्यांना म्हटलं, निकाल न लागलेल्या सामन्यावर इतकी पानं कशाला? त्यांनी मला समजावलं नाही. “तू टाइप कर,” एवढंच म्हणाले.

छत्तिसावी फाइल एप्रिलच्या तिसऱ्या शनिवारी आली. शेवटचं प्रकरण. रविवारी सकाळी मी ती लावली, नेहमीच्या वेगाने. बाबा वाक्य अर्ध्यात सोडत होते, परत पहिल्यापासून धरत होते, शब्द गिळत होते. मला वाटलं, तयारी न करता बसलेत. त्या दिवशी मुलीचा मित्रमैत्रिणींबरोबर शेजारच्या वेरिबी गावात कार्यक्रम होता, तिला सोडायला जायचं होतं. मी दोन मिनिटं ऐकून बंद केलं आणि त्यांना लिहिलं: ‘बाबा, ३६ नीट नाही. वाक्यं तुटतायत. आधी एकदा वाचून घ्या आणि परत रेकॉर्ड करा. घाई नाही.’

‘घाई नाही’ असं मी लिहिलं होतं. नंतर मी ते अनेकदा काढून बघितलं. लिहिलं होतं.

त्यांचं उत्तर आलं, ‘बरं.’

मंगळवारी सदतिसावी फाइल आली, बरोबर दोन शब्द. ‘आता बघ.’ मी रविवारी बघणार होते. बुधवारी काकूंचा फोन आला.

“अगं, भाऊंना हॉस्पिटलात नेतायत. ऑक्सिजन उतरलाय.”

“कधीपासून बरं नाहीये?”

“चार-पाच दिवस दम लागत होता. मी दारातून म्हटलं, झोपा हो जरा. तर म्हणे, मुलीचं काम आहे, परत करून द्यायचंय. काल दुपारभर खिडक्या लावून बसले होते. पंखासुद्धा बंद! घामाने नुसते निथळत होते बघ.”

काकूंना माझी यादी माहीत नव्हती. त्या सहज सांगत होत्या.

पुढचे दिवस सगळ्यांचे गेले तसेच गेले. मी इथून बेडसाठी फोन केले, मग इंजेक्शनसाठी केले. नोकरीत मी जे करते तेच करत होते, यादी करायची आणि एकेक नंबर खोडायचा. मी एकुलती एक. इथून बाहेर पडायला सरकारची परवानगी लागायची, तो अर्ज केला. परवानगी आली त्याच आठवड्यात भारतातून परत यायची विमानं बंद झाली. नवरा म्हणाला, “तू जा. परत यायचं पुढचं पुढे बघू, आम्ही दोघं राहू.” मी दोन ठिकाणी बदलून जाणारं तिकीट शोधत असताना बाबा गेले. मे महिन्याचा पहिला आठवडा होता. काकूंच्या मुलाने सगळं केलं. मला त्याने फोनवर दाखवलं. चार मिनिटं दिसलं आणि नेट गेलं.

मग मी कामाला लागले. सुट्टी तीनच दिवस घेतली. घरी बसून तेच घर होतं.

तर, सप्टेंबरातला तो रविवार. नवी प्रत उघडून तपासायची होती. पस्तीसपर्यंत मी प्रत्येक फाइलची सुरुवात, मधलं थोडं आणि शेवट लावून बघितला. ठीक होत्या. दुपारचे तीन वाजले. चहा केला. मग छत्तीस लावली, आणि वेगाच्या खुणेवर बोट गेलं तेव्हा लक्षात आलं की तो दीडवरच आहे. एकवर आणला.

सुरुवातीचे दोन-तीन रविवार सोडले तर मी बाबांचं रेकॉर्डिंग त्यांच्या स्वतःच्या वेगाने पहिल्यांदाच ऐकत होते.

ते अडखळत नव्हते. ते श्वास घेत होते. चार शब्द, मग श्वास. तीन शब्द, मग श्वास. दीडपट वेगात ते श्वास इतके आखडले होते की मला फक्त तुटलेली वाक्यं ऐकू आली. दोन मिनिटं झाली. इथे मी बंद केलं होतं. या वेळी चालू ठेवलं. तिसऱ्या मिनिटाला बाबा थांबले आणि अगदी साध्या आवाजात म्हणाले, “थांब हं. आज जरा दम लागतोय. हे तू टाइप करू नकोस.”

म्हणजे त्यांनी मला सांगितलं होतं. शनिवारी सांगितलं होतं. एक मिनिट आणखी ऐकलं असतं तर रविवारी सकाळीच मला कळलं असतं. तेव्हा बेड मिळाला असता का, ऑक्सिजन मिळाला असता का, हे मला माहीत नाही. तीन दिवस हातात होते एवढं माहीत आहे.

फाइल पुढे चालू होती. बाबा फोरमनच्या आईबद्दल सांगत होते. युद्ध संपलं त्याच वर्षी, थंडीच्या सुरुवातीला, उरलेल्या खेळाडूंना गोळा करून पूर्व विरुद्ध पश्चिम असा एक सामना ठेवला. त्याची बातमी या बाईच्या कानावर आली. मुलाचा काही पत्ता नव्हता. जिवंत असेल तर बोटीतून उतरून तो आधी मैदानावर जाईल, अशी तिची खात्री. मग त्याला त्याचा हातमोजा लागेल. म्हणून तिने तो फडक्यात गुंडाळला आणि निघाली. ती मैदानाच्या दाराशी पोचली, आणि इथे बाबा म्हणाले, “पुढचं... उद्या सांगतो.” बारा मिनिटांवर फाइल संपली.

मी उठून सिंक घासलं. घासायची गरज नव्हती. मग परत बसले आणि सदतीस लावली.

सदतीस पहिल्यापासून होती. खिडक्या बंद, पंखा बंद, पाठीमागे काहीही आवाज नाही. बाबांचं पहिलं वाक्य आलं. पूर्ण, ठणठणीत, एका दमात. मग ‘टक्’ असा बारीक आवाज. मग दुसरं वाक्य, तसंच पूर्ण. मग टक्. मला चार-पाच वाक्यांनंतर समजलं. तो काचेवर लागणाऱ्या नखाचा आवाज होता. ते प्रत्येक वाक्यानंतर पॉज दाबत होते. दम घ्यायचा, जमेल तेवढा साठवायचा, बटण दाबायचं, एक वाक्य नीट बोलायचं, परत बटण दाबायचं. माझ्यापर्यंत फक्त वाक्यं पोचावीत म्हणून. रेकॉर्डिंग एकोणीस मिनिटांचं आहे. ते करायला त्यांना सगळी दुपार लागली.

या वेळी गोष्ट पुरी झाली. बाई आत जाऊन बसली. खेळाडू येत होते, कुणी रोडावलेला, कुणी ओळखू न येणारा. तिचा मुलगा आला नाही. सामानाची टंचाई होती, ज्याच्याकडे जे उरलं होतं ते त्याने आणलं होतं. एका संघाच्या कॅचरकडे धड हातमोजा नव्हता. कुणीतरी बाईच्या मांडीवरचं गाठोडं बघितलं आणि विचारलं. तिने फडकं सोडलं आणि हातमोजा दिला. सगळा सामना त्या कॅचरने तो घालून खेळला, ती बघत राहिली. संपल्यावर त्याने हातमोजा पुसला, दोन्ही हातांनी परत दिला आणि वाकला. बाईने तो पुन्हा फडक्यात गुंडाळला आणि घरी आणला. ‘हे मला तिच्या धाकट्या मुलाने सांगितलं,’ असं बाबांचं शेवटचं वाक्य होतं. ‘हातमोजा मी त्याच्या घरी हातात घेऊन पाहिला आहे.’

त्यानंतर त्यांना बटण लगेच सापडलं नसावं. पुढची पस्तीस-चाळीस सेकंद तशीच रेकॉर्ड झाली होती. त्यात त्यांचा श्वास आहे. तो कसा आहे ते मी लिहिणार नाही. मग बाबा स्वतःशीच म्हणाले, “झालं.” आणि टक्.

मी सांगितलं नसतं तर ते पडून राहिले असते, कदाचित शनिवारीच हॉस्पिटलात गेले असते. मी सांगितलं नसतं तर बाई दाराशीच राहिली असती आणि पुस्तक तिथेच संपलं असतं. दोन्ही खरं आहे. मी बराच वेळ यातून काही उत्तर निघतं का बघितलं. निघत नाही. पुस्तक मला नको होतं, बाबा हवे होते, एवढंच स्पष्ट आहे.

मुलगी पाण्याची बाटली भरायला बाहेर आली.

“इज दॅट आजोबा?”

“हो.”

“व्हॉट्स दॅट क्लिकिंग?”

मी तिला सांगितलं. पंधरा वर्षांची आहे, तिच्यापासून काही लपवून ठेवायची मला सवय नाही. ती माझ्याशेजारची खुर्ची ओढून बसली. बाटली हातातच होती.

“डिड ही नो यू वर... लाइक, स्पीडिंग हिम अप?”

“नाही.”

“ओके,” ती म्हणाली. मग मराठीत, “परत लाव ना. पहिल्यापासून.”

“आधी कुकर लावते.”

“आई. कुकर नंतर.”

मी परत लावलं. आम्ही दोघींनी एकोणीस मिनिटं ऐकलं, शेवटची चाळीस सेकंद धरून. नवरा मध्येच दारात आला, काही विचारणार होता, तिथेच उभा राहिला. मग त्यानेच जाऊन कुकर लावला.

सोमवारी सकाळी मी साडेसहाला उठले. सगळ्या फाइल पेनड्राइव्हवर आणि नव्या लॅपटॉपवर, दोन्हीकडे उघडून तपासल्या, मग जुन्यातल्या पुसल्या. जुना लॅपटॉप खोक्यात घातला, चार्जर घातला, टेप लावली, खोकं दाराशी ठेवलं. मग सदतीस लावली, वेग एक, आणि शेवटचं प्रकरण टाइप करायला घेतलं. जिथे टक् येत होतं तिथे हात किबोर्डवरून उचलत होते, दम घ्यायला त्यांना जेवढा वेळ लागला असेल असं वाटायचं तेवढा थांबत होते, आणि मग पुढचं वाक्य. नऊ वाजता ऑफिसला लॉगिन केलं तेव्हा दीड पान झालं होतं. बाई अजून वाटेत होती.